निळी साल

देर्ना झावात्ताचे हात तिच्या अंगाला शोभत नव्हते. बाई चांगली थोराड, खांद्यांनी रुंद. जिना चढू लागली की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं. पण मनगटाच्या पुढे पाहावं तर एखाद्या शाळकरी मुलीचे हात आणून जोडल्यासारखे. तळवा इवलासा, बोटं लांबट आणि टोकाशी निमुळती. तिचा नवरा नेव्हिओ चारचौघांत म्हणायचा, "लग्नात मी हिचे फक्त हात मागितले होते, सासऱ्यानं बाकीची पण गळ्यात बांधली." त्यावर देर्ना म्हणायची, "आणि बापानं मला जावई म्हणून काय दिलं ते सांगू का सगळ्यांना?" आणि पत्त्यांच्या टेबलावर हशा पिकायचा.

ती मूळची सान माउरोची. त्या गावात घराघरांत बूट शिवले जातात. देर्नाची आई खिडकीशी बसून बुटांचे वरचे भाग शिवायची आणि देर्ना तिच्या पायाशी बसून चामडं ओढून धरायची. पुढे ती कारखान्यात लागली, ती बुटाच्या नाकाच्या कामावर. लाकडी पायावर चामडं ओढून बसवायचं, आणि नाकापाशी एकही सुरकुती येऊ द्यायची नाही. हे काम सगळ्यांना जमत नाही. देर्नाला ते न बघता जमायचं.

कारखान्याला उतरती कळा लागली तेव्हा तिथे एक दिवस ओरियानो आला. कुणाला तरी भेटायला आला होता. देर्नाच्या पाठीशी उभा राहून बराच वेळ तिचे हातच बघत बसला. तेव्हा तो पोरसवदाच होता. बापाच्या गॅरेजात शर्यतीच्या मोटरसायकलींसाठी कार्बनचे भाग बनवायचा, आणि निम्मे फेकून द्यायचा.

"चामडं तुझं ऐकतं," तो म्हणाला. "माझं कापड ऐकेल का?"

"कापड असेल तर ऐकेल."

"काळं आहे, चिकट आहे आणि फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं."

"मग त्याला कापड कशाला म्हणतोस? मासा म्हण."

पुढच्याच सोमवारी ती त्याच्याकडे रुजू झाली. गॅरेजाची पुढे साविन्यानो गावाच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, चांगली ऐसपैस कार्यशाळा झाली. बाया वाढल्या, पांढरे डगले आले, केसांना टोप्या आल्या, धूळ आत येऊ नये म्हणून काचेची बंद खोली आली. पण अवघड साचा आला की ओरियानो अजूनही तोच शब्द टाकायचा, "देर्नाकडे द्या."

काम म्हटलं तर शिवणासारखं, म्हटलं तर स्वयंपाकासारखं. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड गार असताना कापायचं. त्याच्या दोन्ही अंगांना साल असते. एकीकडे पांढरा कागद, दुसरीकडे निळं पातळ प्लास्टिक. दोन्ही साली सोलून तुकडा साच्यात बसवायचा, कोपऱ्यात बोटानं दाबायचा, गरम हवेचा झोत देऊन मऊ करायचा, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. मध्येमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा ओढून घ्यायची म्हणजे थर एकमेकांना घट्ट धरतात. शेवटी दाबाच्या भट्टीत. बाहेर येतं ते लोखंडापेक्षा ताठ आणि उचलावं तर पावाच्या टोपलीइतकं हलकं.

यातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे शेपूट. शर्यतीच्या गाडीत स्वार ज्यावर बसतो तो मागचा सांगाडा. त्याला आतून लोखंडाचा आधार नसतो. कार्बनच सगळा भार पेलतो. जिथे तो गाडीला बोल्टांनी जोडला जातो तिथे तो अरुंद होत जातो, आत वळतो, पुन्हा फुगतो. बाया त्या जागेला मान म्हणत. त्या मानेत हात घालून आतल्या कोपऱ्यात थर बसवायचे म्हणजे बाटलीत हात घालून बाटलीला आतून अस्तर लावण्यासारखं. दुसऱ्या बायांचे हात मनगटाशीच अडकत. देर्नाचा हात कोपरापर्यंत जायचा. ती डोळे मिटून काम करायची, कारण आत दिसायचं काहीच नाही.

बाहेरून कुणी शर्यतीच्या संघाचे लोक आले की ओरियानो तिला काचेच्या खोलीतून बोलावून घ्यायचा. "हात दाखव गं जरा." देर्ना "सर्कशीतलं माकड आहे का मी?" असं म्हणत म्हणत हात पुढे करायची. आवडायचं तिला ते. घरी येऊन नेव्हिओला सांगायचीही.

झाम्फिरा आली त्याला फार वर्षं झाली नव्हती. मोल्दोव्हाची. इकडे येऊन कितीतरी वर्षं लोकांच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं केलेलं, नवरा तिकडेच राहिलेला, पदरी एक मुलगी. ओरियानोनं तिला देर्नाच्या हाताखाली दिलं. पहिले काही महिने ती देर्नाला "तुम्ही"च म्हणायची.

"सिन्योरा देर्ना, तुम्ही सांगाल तसं."

"अगं बाई, तुम्ही काय? मी काय नोटरी आहे? तू म्हण."

"जमत नाही."

"कोपऱ्यातली घडी जमते आणि हे नाही जमत?"

एके दिवशी झाम्फिराचा सगळा थर सरकला, दुपारभराचं काम वाया गेलं. देर्नानं तिच्या शेजारी बसून तो पहिल्यापासून उचलला, चकार शब्द न काढता. सगळं पुन्हा बसल्यावर झाम्फिरा हळूच म्हणाली, "तुझ्या जागी दुसरी असती तर बोंबलली असती." तेव्हापासून तू. दोघी जेवायला एकत्र बसू लागल्या. देर्ना प्यादिनाच्या पातळ रोटीत पालेभाजी आणि चीज भरून आणायची, झाम्फिरा आंबट कोबीचे रोल. दोघी एकमेकींचं खायच्या आणि एकमेकींच्या जेवणाला नावं ठेवायच्या.

हाताला पहिल्यांदा खाज सुटली ती वसंतात. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ. देर्नानं ते भांडी घासायच्या साबणावर ढकललं. मग पुरळ फुटलं, कातडी सोलवटली, पापण्या सुजल्या. तेव्हा मात्र तिला कळून चुकलं. अशीच पूर्वी लोरेत्ता होती त्यांच्यात. तिला राळ चावली, असं बाया म्हणत. राळ एकदा चावली की चावली. मग नुसता वास आला तरी अंग फुलतं, आणि माणसाला या कामाला रामराम ठोकावा लागतो. लोरेत्ता डगला टांगून गेली ती गेलीच. आता कुठे असते कुणालाच ठाऊक नव्हतं.

देर्नानं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टरनं लिहून दिलं असतं आणि ते ओरियानोपर्यंत पोचलं असतं. पण खरं कारण त्याहून वेगळं होतं. तिला लाज वाटत होती. जे हात उभ्या गावानं नावाजले ते असे खरूज झाल्यासारखे लाल, भेगाळलेले. चर्चमध्ये ती हात कोटाच्या खिशात ठेवू लागली. पत्ते खेळायचे सोडले. नेव्हिओनं विचारलं तर म्हणाली, "बागेतल्या कसल्याशा पाल्यानं झालंय." नेव्हिओ म्हणाला, "आपल्या बागेत टोमॅटोखेरीज आहे काय?" ती उठून स्वयंपाकघरात गेली.

कामावर ती आत सुती हातमोजे घालू लागली आणि वरून रबराचे दोन. मलम लावायची सोय नव्हती. त्या खोलीत तेला-मलमाचा थेंबही चालत नाही, थर एकमेकांना धरत नाहीत. दुपारपर्यंत बोटं सुजून मोज्यात ठासून बसायची. टोकाला काही जाणवेनासं व्हायचं.

तशातच तादेओची शेपूट आली. तादेओ म्हणजे चेझेनातिकोच्या कोळ्याचा पोरगा. बापाबरोबर पहाटे बोटीवर जायचा आणि उरलेला सगळा जीव गाडीत. यंदा तो हौशी स्वारांच्या शर्यतीत पहिल्या दोघांत होता आणि गाव त्याच्यामागे वेडं झालं होतं. ओरियानोनं त्याचं काम आपुलकीनं घेतलं. बाहेरचे रुंद भाग झाम्फिरानं बसवले, मान देर्नानं.

त्या दिवशी बोटं फारच ठणकत होती. मानेतल्या आतल्या कोपऱ्याचा तुकडा अरुंद, पट्टीसारखा. तो सोलताना निळी साल मध्येच फाटली असं देर्नाला वाटलं. वाटलं म्हणजे, बोटांना तसं भासलं. पण तीन मोज्यांतून आलेल्या त्या भासाला काय अर्थ? नेमाप्रमाणे काढलेल्या साली टेबलावर पसरून, जोडून बघायच्या असतात, तुकडा राहिला तर लगेच कळतो. देर्ना नव्या बायांना हाच नियम सगळ्यात आधी शिकवायची. त्या दिवशी तिनं साली गोळा केल्या, मुठीत चुरगाळल्या आणि टोपलीत टाकल्या. तिला फक्त मोजे काढून हात गार पाण्याखाली धरायचे होते. मग वरचा थर बसला, पिशवी बसली, शेपूट भट्टीत गेली.

मिझानोच्या शर्यतीच्या मैदानावर सरावाच्या दिवशी, वेगाच्या वळणात, तादेओखालची शेपूट मानेपाशी मोडली. बैठक मागच्या चाकावर बसली. तो उडून वाळूत पडला. गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या, आणि यंदा पहिलं येण्याची आशा तिथेच संपली. बरगडी आणखी थोडी आत गेली असती तर पोरगा वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

तुकडे काळ्या पिशवीतून कार्यशाळेत आले. ओरियानोनं ते टेबलावर मांडले आणि सगळ्यांना बोलावलं. मोडलेल्या मानेचे थर वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते, आणि त्यांच्यामध्ये करंगळीएवढी निळी पट्टी होती. स्वच्छ, चकचकीत, जणू आत्ताच ठेवलेली.

ओरियानोनं पट्टी चिमट्यानं उचलली.

"कुणाचा थर?"

मोड जिथे होती ती जागा मान संपून रुंद भाग सुरू होतो त्या सीमेवर होती. इकडचीही म्हणता येईल, तिकडचीही. ओरियानोची नजर झाम्फिराकडे गेली. देर्नाकडे बघायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

"माझा नाही," झाम्फिरा म्हणाली.

"मी ओरडत नाहीये, झाम्फिरा. चूक होते माणसाकडून."

"होते. पण ही माझी नाही. मी माझ्या साली मांडल्या होत्या. देर्ना शेजारीच होती, तिला विचार."

ओरियानो वळला. "देर्ना? तू बघितलंस?"

देर्नाला ती पट्टी ओळखीची होती. कुठे फाटली, कशी फाटली, बोटाला काय वाटलं, सगळं आठवत होतं. एवढंच म्हणायचं होतं, माझी आहे. पण ते म्हणताच पुढचा प्रश्न येणार होता, तुझ्याकडून कशी झाली? आणि मग मोजे काढावे लागले असते. इतक्या जणांसमोर.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

झाम्फिरानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही; एखाद्यानं अनोळखी भाषेत काही म्हटलं तर माणूस जसं पाहतं, तसं.

त्याच दुपारी झाम्फिराला मागच्या शेडमध्ये घासकामावर धाडलं. भट्टीतून आलेले भाग पॉलिश पेपरनं घासायचे. काळी बारीक धूळ, तोंडावर जाड मुखवटा, दिवसभर कानात भुंग्यासारखा पंख्याचा आवाज. "काही दिवस," ओरियानो म्हणाला, "सगळं शांत होईपर्यंत." तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण सौम्यपणे वागतोय.

देर्ना दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शेडकडे गेली. झाम्फिरा पायरीवर बसून एकटीच खात होती. भुवयांपर्यंत काळी झालेली.

"झाम्फिरा," देर्ना म्हणाली, "मी—"

"तुम्हाला काही हवंय का, सिन्योरा?"

तो "तुम्ही" देर्नाच्या कानाखाली बसला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "नाही. सहज." ती परत आली आणि आणलेली प्यादिना तशीच घरी नेली.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नेव्हिओ बारमधून आला तो तावातावानं. "काय बाया ठेवतो तो ओरियानो! काल-परवापर्यंत म्हाताऱ्यांचे लंगोट बदलणारी, तिच्या हातात पोराचा जीव दिला! मी सांगितलं सगळ्यांना, आमच्या देर्नानं तेवढा भाग पण केला असता ना, तर तो पोरगा आज पहिला असता."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना! तादेओचा काका होता तिथे, त्यानं माझा ग्लास भरला."

देर्ना ओट्याकडे तोंड करून उभी होती. चुलीवर सूप होतं, ते ती ढवळत राहिली. नवऱ्याच्या अभिमानानं एखाद्या बाईचा इतका दम कोंडू शकतो हे तिला माहीत नव्हतं. त्याला थांबवायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. कार्यशाळेचं दार उघडलं की कुणीतरी हसून "चाओ देर्ना" म्हणायचं आणि ठरवलेलं विरघळायचं. गप्प राहिलेला एक दिवस दुसऱ्या दिवसाला आणखी जड करत होता. आता नुसती साल राहिली नव्हती सांगायची. इतके दिवस गप्प बसले हेही सांगावं लागणार होतं.

चेरीचा हंगाम संपत आला होता तेव्हा तादेओ स्वतः आला. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात मोठं खोकं. बापानं सकाळी धरलेले छोटे मासे आईनं तळून दिलेले. कार्यशाळाभर वास सुटला. बाया बाहेर आल्या, गालाला गाल लावले, "अरे काय वाळलायस" म्हणाल्या. तो लाजरा पोरगा. खोकं टेबलावर ठेवून ओरियानोला म्हणाला, "ज्या बाईंकडून ते झालं ना... मला त्यांना भेटायचंय. भांडायला नाही हं. आई म्हणाली, त्या बाईला झोप लागत नसेल, जाऊन सांग तिला."

ओरियानोचे डोळे भरले. त्यानं शेडकडे बोट दाखवलं.

देर्ना काचेच्या खोलीत होती, पण दार उघडं होतं आणि शेडचं दार समोरच. तिनं पाहिलं ते असं. तादेओ आत गेला. झाम्फिरानं पंखा बंद केला. त्यानं चांगला हात पुढे केला आणि पाठ करून आणल्यासारखं म्हणाला, "सिन्योरा, माझ्या मनात काही नाही. होतं असं कुणाकडूनही. मी तुम्हाला माफ केलं."

झाम्फिरानं मुखवटा खाली ओढला. तोंडाभोवती तेवढी गोरी कातडी, बाकी सगळं काळं.

"तू भला मुलगा आहेस," ती म्हणाली. "पण मला माफी नको. मी ते केलेलं नाही."

पोराचा हात तसाच हवेत राहिला. त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं. मागून कुणीतरी बाई पुटपुटली, "अगं, निदान आता तरी!" ओरियानोनं मान खाली घातली, झाम्फिराची त्याला लाज वाटत होती. इतकं चांगुलपण दारात आलेलं, आणि ही बाई ते घेईना.

देर्नाला पुढचं नीट आठवत नाही. ती बाहेर आली हे खरं. चालता चालता वरचे मोजे ओढले. सुती मोजा कातडीला चिकटला होता, तो सोलताना रक्त आलं. तिनं दोन्ही हात पुढे केले, पूर्वी पाहुण्यांसमोर करायची तसेच.

"माझी होती ती साल," ती म्हणाली. "मानेत मी ठेवली. बोटांना कळत नव्हतं, आणि मी साली मांडून बघितल्या नाहीत. झाम्फिरानं तिच्या मांडल्या होत्या. मी बघितलं होतं. मला आठवत होतं."

सगळे तिच्या हातांकडे बघत होते. एवढ्यासाठी तिनं इतकं केलं होतं, की ते कुणाला दिसू नयेत.

कुणीतरी पुढे होईल, पाठीवर हात ठेवील, असं तिला वाटलं नसेल असं नाही. कुणी आलं नाही. तादेओनं तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. दुसऱ्यांदा माफ करायचं त्याला जमलं नाही. विशीतला पोरगा, एका दिवसात किती करणार?

"मग यांच्यावर आळ का येऊ दिलात?" त्यानं एवढंच विचारलं. मग तो निघून गेला. खोकं तिथेच राहिलं.

ओरियानो ओरडला, पण वेगळ्याच गोष्टीवर. "हे कधीपासून? लोरेत्ताचं बघितलं होतंस ना? मला सांगता येत नव्हतं? मी कोण आहे तुझा, परका?" मग त्याचा आवाज खाली आला. "आणि मी त्या बाईला धूळ खायला लावली." तो झाम्फिराकडे वळून काही बोलणार, तोवर तिनं पंखा पुन्हा सुरू केला होता. हातातला भाग तिनं घासून पूर्ण केला, पुसला, मांडणीवर ठेवला, आणि मग डगला झटकून काचेच्या खोलीत गेली. वाटेत देर्ना उभी होती. तिच्या बाजूनं निघून गेली.

घरी देर्नानं नेव्हिओला सांगितलं. त्यानं तिचे हात स्वतःच्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाला, "आणि मी गाढव बारमध्ये तुझ्या नावानं दारू पीत होतो." त्या संध्याकाळी तो बारमध्ये गेला आणि जितक्या लोकांना पहिलं सांगितलं होतं तितक्यांना दुसरं सांगून आला. काय ऐकून घेतलं ते त्यानं सांगितलं नाही. पुढे महिनाभर तो बारच्या रस्त्यानं गेला नाही, पाव आणायला लांबून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच गाडी काढून तिला रिमिनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं हात बघितले आणि राळेला पुन्हा कधीही शिवायचं नाही असं सांगितलं.

ओरियानोनं तिला सामान बांधायच्या खोलीत बसवलं. तयार भाग फुगे असलेल्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे. हात हळूहळू भरून येत होते. बाया नीट बोलायच्या, फार नीट. पूर्वीसारखी थट्टा कुणी करेना, आणि तेच तिला झोंबायचं.

तादेओसाठी नवी शेपूट करायची ठरली. मान आता झाम्फिराकडे आली. तिचे हात मोठे. पहिल्या खेपेला आत सुरकुती राहिली, भाग फेकावा लागला. दुसऱ्या दिवशी ती सामान बांधायच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"मानेचा आतला कोपरा तुम्ही कसा करायचात?"

देर्ना उठली. तिनं जुना, कोरा साचा शेल्फवरून काढला, कार्बनच्या कापडाच्या जागी साध्या वर्तमानपत्राची पट्टी कापली आणि साच्यात हात घातला. "हात सरळ घालू नकोस. अंगठा आत दुमडून घे, मग तळवा अरुंद होतो. पट्टी बोटांवर गुंडाळून ने, आत गेल्यावर सोड. आणि डोळे मीट. डोळे उघडे असले की हात आळशी होतो." झाम्फिरानं करून पाहिलं. अडकलं. पुन्हा केलं. दुपारपर्यंत कागद कोपऱ्यात बसू लागला.

ती जायला निघाली तेव्हा देर्ना म्हणाली, "झाम्फिरा, मला माफ कर."

झाम्फिरानं हातातला कागद खाली ठेवला.

"तुमच्या माफीचं मी काय करू? ओरियानोनं मागितली, बायांनी मागितली. मला पुरे झालं आता माफीचं." मग म्हणाली, "रोज संध्याकाळी माझी मुलगी माझे केस धुवायची. काळं पाणी जायचं. ती विचारायची, तुला तिकडे का बसवलंय? मी सांगितलं, माझ्यावर आळ आलाय, मी केलं नाही. ती म्हणाली, तुझी मैत्रीण आहे ना तिथे, तिनं सांगितलं नाही का? मी म्हटलं, तिला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं विचारलं, आई, तू नक्की केलं नाहीस ना?" झाम्फिरानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझ्या पोरीनं. मला."

देर्नानं साचा बाजूला सरकवला.

"मी येऊन सांगू तिला?"

"ते तुमचं तुम्ही बघा," झाम्फिरा म्हणाली, पण दारातून जाताना पत्ता सांगून गेली.

रविवारी देर्ना गेली. नेव्हिओ येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. स्टेशनमागच्या इमारतीत तिसरा मजला. जिना करकरत नव्हता, सिमेंटचा होता. तरी ती मध्ये दोनदा थांबली. मोठ्या माणसांपुढे एकदा तोंड काळं झालं की होऊन जातं. लहान मुलीपुढे ते स्वतःच्या हातानं करायचं होतं.

मुलीचं नाव रोदिका. नऊ-दहा वर्षांची, केसांच्या दोन वेण्या, जेवणाच्या टेबलावर रंगपेट्या पसरून बसलेली. झाम्फिरा स्वयंपाकघराच्या दारात हात पुशीत उभी राहिली.

देर्ना खुर्चीवर बसली. "रोदिका, मी देर्ना. तुझ्या आईबरोबर काम करत होते. ती गाडी मोडली ना, ती तुझ्या आईमुळे नाही मोडली. माझ्यामुळे मोडली. आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मुलीनं आईकडे पाहिलं, मग देर्नाकडे. "मग तुम्ही म्हणालात आठवत नाही."

"हो."

"खोटं बोललात."

"हो."

"का?"

देर्नानं घरून एक उत्तर आणलं होतं. आजार, काम जाण्याची भीती, असं काहीबाही. ते सगळं तिथे, त्या रंगांच्या काड्यांसमोर, फार मोठ्या माणसांचं वाटलं. "मला लाज वाटली," ती म्हणाली. "माझे हात खराब झाले होते. लोक बघतील म्हणून."

रोदिकानं टेबलावरचे तिचे हात निरखून पाहिले. नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

"एवढ्यासाठी."

मुलगी वळून आईला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. झाम्फिरानं त्याच भाषेत आखूड उत्तर दिलं. काय बोलणं झालं ते देर्नाला कळलं नाही आणि विचारायचा अधिकार आपल्याला नाही हे तिला कळत होतं. ती पर्स उचलून उठायला लागली.

"बसा," झाम्फिरा म्हणाली. "जेवण तयार आहे."

देर्नाला पळून जावंसं वाटत होतं. खाली रस्त्यावर, हवेत, कुठेही. गेली असती तर कुणी अडवलंही नसतं. ती परत बसली. रोदिकानं रंगपेट्या गोळा करून तिच्यापुढे जागा केली, आणि झाम्फिरानं तीन ताटल्या मांडल्या. कोबीचे रोल होते. जेवताना कुणी फारसं बोललं नाही. देर्नानं पुढे वाढलेलं सगळं खाल्लं, आणि यावेळी त्याला नावं ठेवली नाहीत.

त्या वर्षी तादेओ शरदातल्या शेवटच्या शर्यतीत उतरला. सातवा आला. शेपूट झाम्फिराची होती. देर्ना मैदानावर गेली नाही, नेव्हिओ गेला होता, कुंपणाला टेकून सगळ्यांच्या मागे उभा राहिला, आणि घरी येऊन म्हणाला, "मोडली नाही." देर्ना मटार सोलत होती. ती म्हणाली, "बरं झालं," आणि सोलत राहिली.